कटर घेताय? पातीच्या लांबीआधी चेन ब्रेक बघा

बांधावरची बाभूळ, सुबाभूळ तोडायला मजूर मिळेनात, म्हणून गावोगावी पेट्रोलवरचे कटर, म्हणजे चेनसॉ, दिसू लागलेत. दुकानात पहिला प्रश्न ठरलेला, 'किती इंची पाती?' फांद्या नि सरपणाला 16-18 इंची पुष्कळ झाली. लांब पातीला ताकदीचं इंजिन लागतं, अन् तेवढं वजन दिवसभर हातावर येतं.

खरा बघायचा तो चेन ब्रेक. पातीच्या टोकाची वरची बाजू लाकडाला लागली की कटर झटक्यात तोंडाकडे उसळतो. अशा वेळी पुढचा गार्ड हाताला लागून ढकलला गेला की चेन जागेवर थांबायला हवी. दुकानातच चालू करून दाखवायला सांगा. ब्रेक नसलेला कटर स्वस्तात मिळाला तरी नको.

पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळावंच लागतं. पुस्तिकेत 50:1 असेल तर लिटरला 20 मिली, 25:1 असेल तर 40. नुसत्या पेट्रोलवर चालवला की पिस्टन जाम. चेनवर सोडायचं ऑइल वेगळं. जाड भुशाऐवजी पिठासारखं पडू लागलं की धार गेली समजा. चेन नि कानस तालुक्यालाच मिळते का, ते विचारून मगच पैसे मोजा.

झाड स्वतःच्या सातबाऱ्यातलं असलं तरी साग, आंबा, फणस, चिंच, मोह तोडायला 1964 च्या वृक्षतोड कायद्यानुसार आधी परवानगी लागते.