फ्लोट स्विच : टाकीचा पहारेकरी

गच्चीवरील टाकी भरून वाहत आहे आणि खाली पंप मात्र चालूच आहे, हे दृश्य आपल्या शहरांतून नित्याचे झाले आहे. याच्या उलट प्रकार अधिक हानिकारक होय. जमिनीखालील टाकी रिती झाल्यावरही पंप फिरत राहिला, तर त्याचे सील तापून निकामी होते. कारण त्याला गारवा आणि वंगण ही दोन्ही पाण्यापासूनच मिळत असतात. हे दोन्ही अनर्थ टाळण्याचे काम फ्लोट स्विच करतो.

त्याचे तत्त्व साधे आहे. तरंगणारी वस्तू पाण्याच्या पातळीबरोबर वर-खाली होते. शौचालयाच्या टाकीतील गोळा वर येऊन पाण्याची वाट बंद करतो. फ्लोट स्विच विजेची वाट बंद करतो. केबलला टांगलेल्या फ्लोटच्या पोकळ कवचात बहुधा धातूची एक गोळी असते. फ्लोट कलला की ती घरंगळते आणि विद्युत्मंडल जोडले वा तोडले जाते.

आता समजा, पंप ज्या रेषेवर बंद होतो त्याच रेषेवर पुन्हा सुरू होऊ लागला, तर काय होईल? बादलीभर पाणी काढताच तो सुरू होईल आणि लगेच थांबेल. सुरू होताना मोटार नेहमीच्या कित्येक पट विद्युत्प्रवाह खेचते. असे वारंवार घडल्यास तिची गुंडाळी तापून जळते. म्हणून ‘चालू’ आणि ‘बंद’ यांच्या पातळ्या भिन्न ठेवाव्या लागतात. केबलचा मोकळा भाग जितका लांब, तितके हे अंतर अधिक.

इमारतीत दोन फ्लोट एकाच मंडलात एकापुढे एक जोडतात. वरची टाकी उतरली असेल आणि खालच्या टाकीत पाणी असेल, तरच पंप चालतो. दोहोंपैकी एकानेही नकार दिला, तर तो थांबतो.

परंतु पहारेकऱ्यावरही पहारा हवा. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथील तेलसाठ्यात एका टाकीचे पातळीमापक अडकले. पेट्रोलवर तरंगणारे आच्छादन वर येताच भरणा थांबवणारा दुसरा, स्वतंत्र स्विच तेथे होता. पण त्याची चाचणीची दांडी योग्य स्थितीत धरून ठेवणारे कुलूपच बसवलेले नव्हते. त्यामुळे तो चाललाच नाही. २,५०,००० लिटरांहून अधिक पेट्रोल बाहेर पडले, प्रचंड स्फोट झाला आणि ४० हून अधिक माणसे जखमी झाली.

घरगुती टाकीची गोष्ट एवढी भयंकर नाही. धडा मात्र तोच. महिन्यातून एकदा पंप चालू असताना वरच्या टाकीतील फ्लोट कोरड्या लाकडी काठीने उचलून पाहावा. पंप थांबला, तरच पहारेकरी जागा आहे असे समजावे.