परसातली बदके आणि घरचे दस्तरखान

ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाहीपासून पलीकडे आरमोरी, वडसा, चामोर्शीपर्यंत गेलात तर एक गोष्ट सगळीकडे दिसते. धानाच्या बांध्या, गावाजवळचे माजी मालगुजारी तलाव आणि शेतकऱ्यांच्या बोड्या. मुलूख असा पाण्याचा, तरी आपल्या बहुतेक घरांच्या परसात कोंबड्याच असतात. मुलचेरा, चामोर्शीकडच्या बंगाली वस्त्यांत मात्र बदक घरातलेच आहे. १९६० च्या दशकापासून पूर्व पाकिस्तानातून आलेल्या या कुटुंबांनी मासे आणि बदके यांची सवय सोबत आणली.

मधल्या सुट्टीत मुलांचे डबे उघडतात तेव्हा आम्हा शिक्षकांना भात, वरण, आलूची भाजी दिसते. अंडे क्वचितच. बाजारातून रोज अंडी आणणे प्रत्येक घराला झेपत नाही. परसात पाच-सहा बदके असतील तर ही उणीव बरीच भरून निघते. पण बदक कोंबडीसारखे बारा महिने एका चालीने पाळता येत नाही. आपल्याकडे ते पावसाच्या आणि धानाच्या वेळापत्रकाने पाळावे लागते. हे वेळापत्रक सांभाळले तरच बदक परवडते.

कोणती आणि किती

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात सर्वांत नावाजलेली. उत्तम खाद्यावर ती वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, परसात त्याहून कमी. देशी बदक त्याहूनही कमी देते, पण काटक असते. मांसासाठी पांढरे पेकिन लवकर वाढते. घरासाठी दहा पिल्ले पुरे. नर-मादी न निवडता आणली तर साधारण निम्मे नर निघतात. त्यांतला एक ठेवायचा, बाकीचे दस्तरखानासाठी. मोठ्या नराच्या शेपटीवर वळलेली पिसे येतात आणि त्याचा आवाज घोगरा असतो. ‘क्वॅक क्वॅक’ असे मोठ्याने ओरडते ती मादी.

पिल्ले घरीच काढायची तर खाकी कॅम्पबेलवर विसंबू नये, ती सहसा खुडूक बसत नाही. अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. कोंबडीचे पिल्लू एकविसाव्या दिवशी निघते, बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. शेवटच्या दिवसांत अंड्यांवर कोमट पाण्याचे शिंतोडे मारतात.

वर्षाचा क्रम

मृगाचा पाऊस स्थिरावला की जूनअखेर पिल्ले आणावीत. पहिले तीन-चार आठवडे त्यांना बल्बची ऊब आणि कोरडे तणस लागते. बदकाचे पिल्लू म्हणजे जन्मतः पोहणारे, असे समजून त्याला लगेच बोडीत सोडू नये. आईविना वाढलेल्या पिल्लाची पिसे पाणी धरतात, ते भिजते आणि गारठून मरते. मोठ्या बदकालाही तलाव लागतोच असे नाही. चोच आणि डोके बुडेल इतके खोल घमेले हवे, कारण त्याच पाण्याने ते नाक-डोळे साफ करते.

रोवणीनंतर पंधरवड्याने, रोप धरल्यावर, अंगात आलेली पिल्ले बांधीत सोडता येतात. जपानचे शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून हीच रीत जोपासली आणि ती आशियात अनेक ठिकाणी गेली. बदके किडे, गोगलगायी, तण खातात, त्यांची विष्ठा खत होते. दोन अटी मात्र पाळाव्यात. फवारलेल्या शेतात बदक सोडू नये आणि लोंबी आली की बाहेर काढावे, नाहीतर धानच खाईल.

कापणीनंतर नोव्हेंबर-डिसेंबरात बांधीत सांडलेले धान वेचून बदके चांगली भरतात. माद्याही याच सुमारास अंड्यावर येतात. जादा नर हलाल करण्याची हीच वेळ. फाल्गुनानंतर बोड्या आटतात आणि ब्रह्मपुरी-चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. त्या दिवसांत सावली व पाणी पुरेल तेवढ्याच माद्या ठेवाव्यात.

मादी बहुधा रात्री किंवा पहाटे अंडे घालते. म्हणून सकाळी आठ-नऊपर्यंत खुराड्यातच ठेवावी, नाहीतर अंडे तलावाकाठी जाते. खुराडे बांबूचे चालेल, पण वीण घट्ट हवी. रानमांजर आणि मुंगूस आपल्याकडचे आगंतुक पाहुणे आहेत.

दोन धोके

पहिला धोका बुरशीचा. कोंडा, कनकी, उरलेला भात हे बदकाचे स्वस्त खाद्य, पण पावसाळ्यात ओलसर झालेली शेंगदाण्याची पेंड किंवा मका कधीही देऊ नये. १९६० साली इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने लाखभर टर्की मेल्या, बदकांची पिल्लेही दगावली. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. बदकाला ते फार लवकर भिनते.

दुसरा धोका बर्ड फ्लूचा. २००६ मध्ये नवापूरला भारतातील पहिली साथ आली. जानेवारी २०२५ मध्ये ती आपल्या ब्रह्मपुरी तालुक्यातील मांगलीतही आढळली. बदक आजारी न दिसताही विषाणू बाळगू शकते. कोंबड्या आणि बदके एका खुराड्यात नकोत, हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, आणि पक्षी अचानक मरू लागले तर ते न कापता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. तलावावरची अडई किंवा इतर रानबदके मात्र धरू नयेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हा आहे.

हलाल आणि तय्यब

बदक हलाल आहे, यात मतभेद नाही. पण ते नालीतही चोच घालते. घाणीवर वाढलेल्या जनावराला जल्लाला म्हणतात. फिक्हच्या पुस्तकांत कोंबडीला तीन दिवस बांधून स्वच्छ चारा देण्याचा उल्लेख आहे. बदकालाही निदान तेवढे दिवस धान आणि ताजे पाणी द्यावे. मांसाचा वास जातो, हा फायदा कोणालाही जाणवेल. शंका असल्यास आपल्या इमाम साहेबांना विचारावे. कुर्बानी मात्र पक्ष्याची होत नाही.

बदकाचे पाय नाजूक असतात, पायाला धरून उलटे लटकवू नये. छातीखाली हात घालून उचलावे. सुरी त्याच्यासमोर पाजळू नये. जबह झाल्यावर पूर्ण शांत होऊ द्यावे. उकळत्या पाण्यात घालण्याआधी पोट साफ करावे. पिसे तेलकट असल्याने निघायला वेळ लागतो, त्यामुळे अनेक घरी कातडीच काढतात.

सालन

शेपटीच्या मुळाशी, वरच्या बाजूला तेलाची गाठ असते. ती कापून टाकावी. उग्र वासाचे मोठे कारण तीच. दीड किलोच्या बदकाला हळद, मीठ, आले-लसूण आणि चिंचेचा कोळ लावून दोन तास ठेवावे. कातडी ठेवली असेल तर ती बाजू खाली करून मंद आचेवर परतावे. भरपूर चरबी सुटते, त्यामुळे वेगळे तेल नको. जादा चरबी काढून दुसऱ्या दिवशीच्या आलूला वापरावी. मग भाजलेला कांदा, सुके खोबरे, खसखस, धने, लवंग, मिरी वाटून घालावे आणि गरम पाणी ओतून झाकावे. कोवळ्या बदकाला पाऊण तास, जुन्याला दीड-दोन तास लागतात. सोबत भात किंवा तांदळाची भाकर.

अंडे कोंबडीच्या अंड्याहून मोठे, बलक जास्त. ते कच्चे किंवा अर्धकच्चे खाऊ नये, बारा मिनिटे उकडावे.

राहिला मुलांचा प्रश्न. मुले बदकांना नावे ठेवतात आणि मग जबहच्या दिवशी रडतात. आमचे मत असे की पिल्ले आणली त्याच दिवशी मुलांना सांगावे, यांतले काही अंड्यांसाठी आहेत आणि काही आपल्या जेवणासाठी. पाणी भरण्याचे, खुराडे झाडण्याचे काम त्यांच्याकडेच द्यावे. ज्याने सहा महिने पाणी भरले तो मुलगा ताटात बोटी टाकून देत नाही. ज्याला त्या दिवशी खावेसे वाटत नाही, त्याला आग्रह करू नये. त्याच्यासाठी एक अंडे उकडून ठेवावे.