आधी भटकंती, मग केळीचे घड

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचा उत्तर किनारा उष्ण आणि पावसाचा. इंग्लंड, जर्मनी, फ्रान्सकडची विशीतली मुलेमुली पाठीवर पिशवी टाकून, मित्रांच्या टोळक्याने तेथे भटकायला येतात. केर्न्सहून दक्षिणेकडे निघायचे, प्रवाळबेटे पाहायची, समुद्रात डुंबायचे आणि पैसे आटले की शेतावर काम शोधायचे. हिंडता हिंडता काम करण्याचा परवाना ते सरकार १९७५ पासून देत आले आहे.

टली, इनिसफेलकडे केळी, बोवेनला टोमॅटो आणि आंबा, बंडाबर्गला रताळी. केळीत एकाने घड कापायचा, दुसऱ्याने खांद्यावर झेलून ट्रेलरवर न्यायचा. आमच्या जळगावकरांना यात नवल नाही. कॉलेजातल्या पोरांचे खांदे मात्र दोन दिवसांत सोलवटतात.

२००५ पासून ८८ दिवस असे काम करणाऱ्यास दुसऱ्या वर्षाचा परवाना मिळू लागला. त्या आशेने पोरे तुटपुंजी मजुरीही मुकाट सोसत. काम बहुधा उक्ते, पाटीवर पैसे. अखेर तेथील श्रमलवादाने निकाल दिला आणि एप्रिल २०२२ पासून पाट्या कमी भरल्या तरी तासाची किमान मजुरी देणे मालकावर बंधनकारक झाले.

२०२४ पासून भारतीयांनाही हा मार्ग खुला झाला. वय १८ ते ३०, शिक्षणाची अट, वर्षाला १,००० जागा, त्याही सोडतीने. काम तेथे गेल्यावर ज्याचे त्यानेच शोधायचे. तेव्हा सोडतीआधीच नोकरी विकायला एजंट दारी आला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावावे.