वायफायला कुलूप आहे, पण कोणते?

२६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत बॉम्बस्फोट सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल आला. माग काढत पोलिस नवी मुंबईत सानपाड्याला एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोहोचले. त्याचे वायफाय उघडे होते आणि ते भलत्यानेच वापरले होते. नंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याचे निर्देश काढले.

लोकांनी पासवर्ड घातले. पण त्या काळी बऱ्याच राऊटरवर ‘वेप’ ही १९९७ ची पद्धत होती. तिच्यात माहितीचा प्रत्येक तुकडा गुप्त किल्ली आणि एक बदलता आकडा जोडून सांकेतिक केला जाई. हा आकडा फक्त २४ बिटांचा, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख पर्याय. वर्दळीच्या नेटवर्कवर ते लवकर संपतात, आकडे पुन्हा येतात आणि सांकेतिक मजकुराची आवरणे एकमेकांवर ठेवून उलगडता येतात. शिवाय काही आकडे किल्लीचाच अंदाज देतात, हे २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी दाखवले. २००७ मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी वेप एका मिनिटाच्या आत फोडले.

२००४ ची ‘डब्ल्यूपीए-२’ पद्धत कितीतरी भक्कम. तरीही २०१७ मध्ये बेल्जियमच्या मॅथी व्हॅनहूफ यांना तिच्यात फट सापडली. राऊटर आणि मोबाइलमधल्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतला एक संदेश पुन्हा पाठवला, की मोबाइल आपला मोजणीचा आकडा शून्यावर आणत असे. पुन्हा तीच आकड्यांची पुनरावृत्ती! सॉफ्टवेअर अपडेटने ही फट बुजली. ज्या जुन्या उपकरणाला अपडेट मिळालेच नाही, त्याची राहिली.

हे शहरापुरते नाही. जुन्नर तालुक्यातल्या निमगाव सावा इथल्या दुकानात राऊटर असो की सानपाड्याच्या इमारतीत, लहरी भिंतीबाहेर जातातच. आणि पासवर्ड म्हणून मालकाचा मोबाइल नंबर! तो तर दुकानाच्या पाटीवरच असतो. नसला, तरी मोबाइल आणि राऊटरमधली ओळखपाळख हवेत टिपून घेणारा घरी बसून अंदाज करू शकतो. भारतात मोबाइल नंबर ६ ते ९ नेच सुरू होतो, म्हणजे जास्तीत जास्त ४०० कोटी शक्यता. एखादे आधुनिक ग्राफिक्स कार्ड त्या काही तासांत तपासून टाकते.

राऊटरच्या सेटिंगमध्ये ‘वेप’ किंवा नुसते ‘डब्ल्यूपीए’ दिसले तर बदलावे; ‘डब्ल्यूपीए-२ एईएस’ किंवा २०१८ नंतरचे ‘डब्ल्यूपीए-३’ निवडावे. राऊटर जुना असून ते पर्यायच नसतील, तर राऊटर बदलावा. पासवर्ड एकमेकांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा ठेवावा. तो अंदाजाने सापडणे फार कठीण.