गिनीपिग कान का खाजवतो?

कोल्हापूरच्या पावसाळ्यात पिंजऱ्यातला भुसा ओलसर राहतो. मुलांनी हौसेने पाळलेला गिनीपिग किंवा पांढरा उंदीर कान खाजवून रक्त काढतो. बहुधा ही खरूज. तिचे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. मातांनो, रॉकेल, फिनेल लावू नका. प्राणी अंग चाटतो, विष पोटात जाते. पशुवैद्य वजन करून आयव्हरमेक्टिन देतात. या औषधाच्या शोधकांना २०१५ साली नोबेल मिळाले. केस गेलेले गोल चट्टे दिसले तर नायटा असू शकतो. तो मुलांनाही लागतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व बनत नाही. ते कमी पडले की कातडी बिघडते. रोज ढबू मिरचीचा तुकडा द्यावा, भुसा कोरडा ठेवावा. मुक्या जिवाचे दुखणे आपणच ओळखायचे असते.