पहारीने सुरुवात

फिनिक्समध्ये फळझाड लावायचं तर रोपाआधी पहार विकत घ्यावी. अ‍ॅरिझोनाच्या या सखल वाळवंटात मातीखाली बऱ्याच ठिकाणी चुनखडीचा घट्ट आवळलेला थर लागतो. इथे त्याला ‘कलीची’ म्हणतात. कुदळ त्यावरून नुसती उसळते. खड्डा झाला की तो पाण्याने भरायचा आणि दुसऱ्या दिवशी बघायचा. पाणी तसंच उभं असेल तर थर फुटलेला नाही. अशा खड्ड्यातलं झाड भर वाळवंटात मुळं कुजून मरतं.

पाऊस वर्षाला जेमतेम १८ सेंटिमीटर, तेव्हा सगळी भिस्त नळावर. कोलोरॅडो आणि सॉल्ट नद्यांचं हे पाणी क्षारयुक्त. रोज थोडं थोडं शिंपडलं की क्षार वरच्या थरात साचतात आणि पानांच्या कडा करपतात. म्हणून मोठ्या झाडांना उन्हाळ्यात सात-दहा दिवसांनी आणि हिवाळ्यात तीन-चार आठवड्यांनी पाणी देतो; पण देतो तेव्हा दोन-तीन फूट मुरेपर्यंत. लोखंडी सळई खुपसून बघायची. ओलाव्यात ती सहज जाते, कोरडं लागलं की अडते. आळंही बुंध्याशी ठेवून भागत नाही. झाडाचा घेर वाढेल तसं ते बाहेर सरकवावं लागतं.

पाण्याची काळजी सगळेच करतात, उन्हाची मात्र फार थोडे. २०२३च्या उन्हाळ्यात इथे सलग ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर गेला. अशा उन्हात दुपारनंतर संत्र्याची, पीचची साल भाजून फाटते आणि त्या फटीतून खोडकिडा शिरतो. उपाय आपल्या ओळखीचा: खोड पांढरं रंगवायचं. आपल्याकडे गेरू-चुना लावतात, इथे पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्मा पातळ करून. खालच्या फांद्या छाटून झाड ‘देखणं’ करण्याचा मोहही आवरायचा, कारण खोडाला सावली त्यांचीच असते.

सफरचंदसुद्धा येतं! हिमाचलच्या जाती इथल्या तुटपुंज्या थंडीत फळणार नाहीत, पण इस्रायलमध्ये तयार झालेल्या ‘अ‍ॅना’ला तेवढी थंडी पुरते. परागीभवनासाठी शेजारी ‘डॉर्सेट गोल्डन’ लावतात. ती मूळची बहामा बेटांवरची. सफरचंदाला याहून विचित्र माहेर सापडणार नाही. फळ जूनमध्येच हाती येतं. आंब्याचा नाद मात्र मराठी माणसाला सुटत नाही आणि जानेवारीतली एखादी हिमरात्र त्याचं कोवळं रोप जाळून टाकते. मी अंजीर आणि डाळिंबावर खूश आहे.

खरी मजा द्राक्षवेलीत. नाशिकचा बागायतदार वर्षातून दोनदा छाटतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. तिथल्या हवेत वेल आपणहून झोपत नाही. इथे थंडीत पानं गळतात, वेल निजते, म्हणून जानेवारी-फेब्रुवारीतली एकच छाटणी पुरते. ‘थॉम्पसन’ जातीच्या काडीचे बुडाचे डोळे सहसा घड देत नाहीत, तेव्हा तिच्या काड्या लांब ठेवायच्या. ‘फ्लेम’ जातीला ओलांड्यावर, म्हणजे वेलीच्या आडव्या कायम फांदीवर, दोन-तीन डोळे पुरतात. मांडव पश्चिमेच्या भिंतीपुढे घातला, तर उन्हाळ्यात भिंतीवर सावली आणि पानगळीनंतर ऊन, दोन्ही मिळतं. एप्रिलपासून पानं उलटून बघायची सवय हवी. पिवळ्या अंगावर काळे-जांभळे पट्टे असलेल्या अळ्या ओळीने बसून पान खातात आणि नुसत्या शिरा मागे ठेवतात. त्यांच्या केसांनी हाताला आग होते, म्हणून हातमोजे घालावेत. अळ्या लहान असतानाच बीटी हे जिवाणूजन्य कीटकनाशक फवारलं तर काम होतं.

इकडे नव्याने घर घेतलेल्यांना एकच सांगणं: मे महिन्यात रोपवाटिकेत जाऊ नका. लिंबू-संत्र्याची झाडं आणि अंजीर फेब्रुवारी-मार्चमध्ये लावा, उघड्या मुळांची सफरचंदं आणि पीच जानेवारीत. खड्ड्याची परीक्षा मात्र त्याआधी, डिसेंबरातच उरकून घ्या.