शर्करावहन, वनस्पतींतील

हिरव्या पानांत प्रकाशसंश्लेषणाने तयार झालेली शर्करा मुळे, खोड, फुले, फळे इ. भागांकडे नेली जाण्याच्या प्रक्रियेस ‘शर्करावहन’ म्हणतात. ते सालीच्या आतील परिकाष्ठ या ऊतकातून होते. पाणी व खनिजे वर नेणाऱ्या प्रकाष्ठातील वाहिन्या मृत कोशिकांच्या असतात. परिकाष्ठातील चाळणी-नलिका मात्र जिवंत असाव्या लागतात.

या नलिका म्हणजे लांबट कोशिकांच्या रांगा असून त्यांमधील आडव्या भित्तींना चाळणीप्रमाणे छिद्रे असतात. सपुष्प वनस्पतींत पक्व चाळणी-कोशिकेतील प्रकल (केंद्रक) नाहीसा होतो व शेजारची सहकोशिका तिचे पोषण करते. बहुतेक वनस्पतींत सुक्रोज हीच वहनाची शर्करा होय. सफरचंदात मुख्यतः सॉर्बिटॉलाचे वहन होते.

सतराव्या शतकात मार्चेल्लो मालपीगी यांनी झाडाच्या खोडावरील सालीचे कडे काढले असता कड्याच्या वरचा भाग फुगलेला त्यांना आढळला. चाळणी-नलिकांचा शोध टेओडोर हार्टिख यांनी 1837 मध्ये लावला. वहनाची सर्वमान्य उपपत्ती एर्न्स्ट म्यूंख यांनी 1930 मध्ये विस्ताराने मांडली. पानाजवळ नलिकेत शर्करा भरली गेली की, तर्षणाने (अर्धपार्य पटलातून अधिक संहतीच्या विद्रावाकडे पाणी जाण्याच्या क्रियेने) प्रकाष्ठातील पाणी आत शिरते व दाब वाढतो. मुळात वा फळात शर्करा काढून घेतली जाते, पाणी बाहेर पडते व दाब उतरतो. या दाबांतील फरकामुळे सर्व रस, सामान्यतः तासाला सु. अर्धा ते एक मी. वेगाने, पुढे सरकतो. दिशा ठरलेली नसते. बटाट्याचा कंद वाढताना शर्करा घेतो आणि अंकुरताना तोच ती पुरवितो.

रस नितळ मिळविणे सोपे नव्हते, कारण नलिका कापताच तिची छिद्रे बुजतात. मावा या किडीची सोंड नेमकी एकाच नलिकेत रुतते. ती सोंड तोडून ठेवल्यास तीतून रस आपोआप पाझरत राहतो, ही युक्ती 1953 मध्ये उपयोगात आणली गेली. रस दाबाखाली असतो याचा हा उघड पुरावाच होय. तथापि लांब मार्गातून रस ढकलण्यास हा दाब पुरेल का, ही शंका दीर्घकाळ टिकली. मिखाएल क्नोब्लाउख व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 मध्ये निळवेलीच्या (गारवेलीच्या) एका जातीच्या सु. साडेसात मी. लांब वेलीवर केलेल्या मापनांत मार्ग लांबतो तशी नलिकांची वहनक्षमता व पानाजवळील दाब हे दोन्ही वाढत असल्याचे दिसून आले.

कोकणात व गोव्यात नारळाच्या न उमललेल्या पोयीला रोज काप घेऊन जो गोड रस (नीरा) काढतात तो परिकाष्ठाचाच. काप रोज ताजा करावा लागतो तो छिद्रे बुजतात म्हणून. द्राक्षबागांत फळधारणेनंतर सालीचे अरुंद कडे काढतात. त्यामुळे शर्करा खाली न जाता घडांकडे वळते व मणी मोठे होतात. कडे काही आठवड्यांत भरून येते. ते फार रुंद घेतल्यास भरून येत नाही, मुळे उपाशी राहतात आणि वेल कमजोर होऊन मरतोही.